शेअर्ड मेमरीतला फंक्शन पॉइंटर: सहा वर्षं चालला, सर्व्हर बदलला आणि कोसळला

केवडा | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. तीन दिवस एका क्रॅशच्या मागे आहे. कोड जुना आहे, लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले, म्हणून इथे विचारते.

सी मध्ये लिहिलेली सिस्टीम आहे. मुख्य प्रोसेस बाहेरून आलेली कामं घेते आणि शेअर्ड मेमरीतल्या (अनेक प्रोसेसना एकत्र वापरता येणाऱ्या मेमरीतल्या) रांगेत टाकते. आठ वर्कर प्रोसेस ती उचलतात. मुख्य आणि वर्कर एकाच बायनरीतून (कंपाइल केलेल्या प्रोग्राम फाइलमधून) चालतात, फक्त सुरू करताना दिलेला पर्याय वेगळा. वर्करना सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्राम) स्वतंत्रपणे उठवतो. रांगेतल्या प्रत्येक नोंदीत कामाची माहिती असते आणि ते काम ज्या फंक्शननं करायचं त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. वर्कर नोंद उचलतो, त्या पॉइंटरवरून फंक्शन कॉल करतो, पुढच्या नोंदीकडे वळतो.

सेंटओएस ७ वर हे सहा वर्षं एकदाही न पडता चाललं. गेल्या आठवड्यात उबुंटू २२.०४ वर नेलं. कोडची एक ओळ बदललेली नाही, फक्त नव्या कंपायलरनं बिल्ड केलं. पहिलंच काम उचलताना वर्कर सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या जागी गेल्याची चूक) खाऊन खाली. कोअर डंपमध्ये (पडतानाच्या मेमरीच्या नोंदीत) सगळ्यात वरच्या फ्रेमला, म्हणजे तेव्हा चालू असलेल्या फंक्शनला, नाव नाही, नुसती दोन प्रश्नचिन्हं. तिच्या खाली वर्करचं मुख्य लूप. पॉइंटर रिकामा नाही, ५५ ने सुरू होणारा, दिसायला अगदी धडधाकट पत्ता आहे.

सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे मुख्य आणि वर्कर दोन्ही जीडीबी या डीबगरखाली सुरू केले की क्रॅश होतच नाही. कामं सुरळीत पार पडतात.

---

घाटवाट | सोमवार, रात्री ११:४८

केवडाताई, उत्तर तुमच्या वर्णनातच आहे असं वाटतं, पण आधी एक करून बघा. दोन्ही प्रोसेस जीडीबीशिवाय सुरू करा आणि सुरू होताच त्या फंक्शनचा पत्ता दोघींना लॉगमध्ये छापायला लावा. मग इथे सांगा: पत्ते सारखे आहेत का, नसतील तर शेवटचे तीन अंक काय आहेत.

---

केवडा | मंगळवार, रात्री १२:१५

पत्ते वेगळे आहेत! दोन्ही ५५ नेच सुरू होतात, मधले अंक पूर्ण वेगळे, आणि शेवटचे तीन मात्र दोन्हीकडे ए४० (पत्ते सोळाच्या पायात छापलेत). प्रोसेस पुन्हा सुरू केल्या, मधले अंक पुन्हा बदलले, ए४० तसंच.

---

घाटवाट | मंगळवार, सकाळी ७:०५

मग निदान पक्कं.

पॉइंटरमध्ये असतो तो व्हर्च्युअल पत्ता. तो मेमरी चिपवरचा पत्ता नव्हे. प्रत्येक प्रोसेसचं स्वतःचं पेज टेबल (कुठला व्हर्च्युअल पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे त्याचा तक्ता) असतं आणि त्या टेबलापुरताच त्या पत्त्याला अर्थ असतो. ‘मारुतीच्या देवळामागचं तिसरं घर’ हा पत्ता आपल्याकडे कुठल्याही गावात लागतो. घर सापडतं, पण दरवाजा उघडणारा माणूस प्रत्येक गावात निराळा. तुमची मुख्य प्रोसेस आपल्या गावचा पत्ता चिठ्ठीवर लिहिते आणि वर्कर ती चिठ्ठी घेऊन स्वतःच्या गावात फिरतो.

मग सहा वर्षं कसं चाललं? सेंटओएस ७ चा कंपायलर मुख्य बायनरी ठरावीक पत्त्यावर बसवत असे. ६४ बिटी इंटेलवर तो पत्ता म्हणजे सोळाच्या पायात ४ आणि त्यापुढे पाच शून्यं. एकच बायनरी दोनदा चालवली तर दोन्ही वेळा तिथेच बसायची. गावं वेगळी, पण नकाशा एकाच साच्यातला. म्हणून तिसऱ्या घरात योगायोगानं तोच माणूस भेटत होता.

उबुंटूनं १६.१० पासून आणि डेबियननं ९ पासून बायनरी पीआयई पद्धतीनं बांधायला सुरुवात केली. पीआयई म्हणजे कुठेही बसवली तरी चालेल अशी बायनरी. एएसएलआर, म्हणजे मेमरीतल्या जागांची मुद्दाम केलेली फेरफार, तिला दर वेळी नव्या जागी नेऊन ठेवतं. ही कल्पना २००१ मध्ये पॅक्स प्रकल्पानं आणली आणि लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये ती २००५ साली २.६.१२ मध्ये आली. लायब्रऱ्या आणि स्टॅक तुमच्या जुन्या सर्व्हरवरही हलत होतेच. पॉइंटर मुख्य बायनरीतल्या फंक्शनचे होते म्हणून निभावलं. त्यात लायब्ररीतल्या एखाद्या फंक्शनचा पत्ता थेट गेला असता तर तिथेही पडलं असतं.

शेवटचे तीन अंक सारखे का? हलवाहलव पानाच्या हिशेबानं होते. पान ४०९६ बाइटचं, म्हणजे सोळाच्या पायातले बरोबर तीन अंक. पानाच्या आतली जागा बदलत नाही. असा क्रॅश आला की मी सगळ्यात आधी हेच बघतो: शेवटचे तीन अंक एखाद्या ओळखीच्या फंक्शनशी जुळतात का. जुळले तर तो पत्ता दुसऱ्या प्रोसेसमधून आलाय किंवा प्रोसेस पुन्हा सुरू होण्याआधीचा शिल्लक राहिलाय असा माझा पहिला संशय असतो. आणि पत्ता ५५ किंवा ५६ ने सुरू होत असेल तर बहुधा मुख्य बायनरी, ७एफ ने सुरू होत असेल तर लायब्ररी, स्टॅक वगैरे. खात्रीसाठी प्रॉक खालची त्या प्रोसेसची मॅप्स फाइल (मेमरीत काय कुठे बसलंय याची यादी) उघडून बघावी.

जीडीबीचं कोडंही यातच सुटतं. प्रोग्राम जीडीबीतून सुरू केला की जीडीबी आपणहून एएसएलआर बंद करतो, म्हणजे दर वेळी तेच पत्ते दिसावेत. दोन्ही प्रोसेस तशा सुरू केल्यात म्हणून दोन्हींचे पत्ते एक झाले. चालू प्रोसेसला नुसतं जोडून घेतलं असतं तर क्रॅश दिसला असता.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ९:३०

दादा, मी शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला फोर्क करून चाइल्ड प्रोसेसमध्ये पेरेंटचा फंक्शन पॉइंटर वापरायला लावला होता आणि तो व्यवस्थित चालला, तोही उबुंटूवर. मग तिथे एएसएलआर कुठे गेलं?

---

घाटवाट | मंगळवार, सकाळी १०:१०

चांगला प्रश्न. फोर्क म्हणजे पेरेंटच्या नकाशाची हुबेहूब नक्कल. जागा ठरवण्याचं काम नवा प्रोग्राम चढवताना, म्हणजे एक्झेकच्या वेळी होतं. फोर्कमध्ये एक्झेक नाही, म्हणून पत्ते तेच राहतात. अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या प्रोसेस झायगोट नावाच्या एकाच प्रोसेसमधून फोर्क होतात, त्यामुळे झायगोटनं आधी चढवलेल्या लायब्रऱ्या त्या सगळ्यांत सारख्याच पत्त्यावर असतात.

पण हे फोर्कच्या क्षणापर्यंतच. फोर्कनंतर चाइल्डनं एखादं प्लगइन चढवलं आणि पेरेंटनंही तेच प्लगइन चढवलं, तर दोघांकडे ते एकाच जागी बसेल याची हमी कोणी देत नाही.

एक्झेकबद्दल अजून एक, परीक्षेलाही उपयोगी. एक्झेक झाल्यावर प्रोग्रामनं स्वतः लावलेले सिग्नल हँडलर (सिग्नल आला की चालणारी फंक्शन्स) मूळ वागणुकीवर परत जातात, पण ‘दुर्लक्ष करा’ म्हणून सांगितलेले सिग्नल तसेच राहतात. कारण हँडलर हा फंक्शनचा पत्ता आहे आणि नव्या प्रोग्राममध्ये तो पत्ता निरर्थक. दुर्लक्ष ही नुसती खूण आहे, ती कुठेही चालते.

---

उंबरठा | मंगळवार, दुपारी १:००

एवढं सगळं बरोबर, पण ताईंना सर्व्हर उद्या चालू हवा असणार. बिल्डमध्ये पीआयई बंद करा, पत्ते पुन्हा ठरावीक होतील. नाहीतर सेटआर्च कमांडनं त्या प्रोसेसपुरतं एएसएलआर बंद करा. दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे असं चालतंय.

---

कोरडा_ओढा | मंगळवार, दुपारी ३:४५

उंबरठा, मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते एका खऱ्या इतिहासातून सांगतो. मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर बरीच वर्षं काम करतोय. ताईंचा बग त्या प्रकल्पालाही भोवला होता, आणि ती माणसं काही कच्ची नव्हती.

पोस्टग्रेस एका कनेक्शनला एक प्रोसेस देतं. २०१३ च्या ९.३ आवृत्तीत बॅकग्राउंड वर्कर आले, ९.४ मध्ये ते चालू सर्व्हरमध्ये हवे तेव्हा उठवता येऊ लागले. वर्कर नोंदवताना भरायच्या स्ट्रक्चरमध्ये एक जागा होती: वर्कर उठल्यावर चालवायच्या फंक्शनचा पॉइंटर. लायब्ररीतल्या फंक्शनसाठी ही जागा धोक्याची आहे हे लवकरच लक्षात आलं, कारण वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये लायब्ररी वेगळ्या जागी बसू शकते. म्हणून लायब्ररीचं नाव आणि फंक्शनचं नाव देण्याची दुसरी सोय झाली. मॅन्युअलमध्येही लिहिलेलं होतं की पॉइंटर फक्त मूळ सर्व्हरमधल्या फंक्शनसाठी वापरा. म्हणजे एक पाय वाचवला आणि दुसरा गाळातच राहिला. मूळ सर्व्हरची बायनरी एकच, तिच्यातले पत्ते सगळ्यांकडे सारखे, ही समजूत कायम होती. ९.६ मध्ये पॅरलल क्वेरी आली, तीही याच समजुतीवर उभी.

विंडोजवर फोर्क नाही. म्हणून पोस्टग्रेस तिथे प्रत्येक चाइल्ड नव्यानं प्रोग्राम चढवून सुरू करतं. हाच मार्ग लिनक्सवरही चाचणीसाठी चालू करता येतो, त्याला एक्झेक-बॅकएंड म्हणतात. जगभरातल्या स्वयंसेवकांची यंत्रं पोस्टग्रेसचा ताजा कोड सतत बांधून तपासत असतात. त्या ताफ्याला बिल्डफार्म म्हणतात आणि यंत्रांना प्राण्यांची नावं असतात. त्यातल्या क्युलिसिडी नावाच्या यंत्रावर (डासांच्या कुळाचं शास्त्रीय नाव) २०१७ मध्ये चाचण्या पडायला लागल्या. एक्झेक-बॅकएंड चालू होतं आणि बायनरी पीआयई होती. आता मूळ सर्व्हरमधली फंक्शन्ससुद्धा दर प्रोसेसमध्ये वेगळ्या जागी. समजूत मोडली.

तेव्हा दोन वाटा होत्या. उंबरठा म्हणतात तशी, त्या यंत्रावर पीआयई बंद करायचं आणि पुढे जायचं. दुसरी, मुळातून दुरुस्ती. एप्रिल २०१७ मध्ये टॉम लेन यांनी दुसरी वाट धरली. त्या बदलाचं शीर्षकच आहे: प्रोसेसची हद्द ओलांडून फंक्शन पॉइंटर पाठवणं टाळा. आवृत्ती १० पासून ती पॉइंटरची जागाच स्ट्रक्चरमधून काढून टाकली. आता नेहमी दोन नावं द्यायची, लायब्ररीचं आणि फंक्शनचं. लायब्ररीचं नाव ‘पोस्टग्रेस’ असेल तर प्रत्येक प्रोसेस आपल्या आतल्या छोट्या तक्त्यात नाव शोधते. तक्त्यात नाव आणि पॉइंटर शेजारी शेजारी, पण तो तक्ता प्रोसेसचा स्वतःचा, म्हणून त्यातला पत्ता त्या प्रोसेसपुरता नेहमी खरा.

घाटवाटांच्या उपमेत सांगायचं तर घराचा पत्ता लिहून देऊ नका, माणसाचं नाव लिहून द्या. घर त्या गावातली माणसं दाखवतील.

हीच शिस्त तिथे इतरत्रही दिसते. शेअर्ड हॅश टेबलाचा डेटा आणि हेडर शेअर्ड मेमरीत असतात, पण हॅश काढणारं आणि तुलना करणारं फंक्शन कुठलं ही माहिती प्रत्येक बॅकएंड (एक कनेक्शन सांभाळणारी प्रोसेस) स्वतःच्या खासगी स्ट्रक्चरमध्ये ठेवतो. आवृत्ती ११ मधल्या नव्या शेअर्ड हॅशला तर नुसतं जोडून घेतानाही ही फंक्शन्स पुन्हा द्यावी लागतात, आणि फंक्शन पॉइंटर बॅकएंडमध्ये सुरक्षितपणे वाटता येत नाहीत हे कारण कोडमध्येच लिहून ठेवलंय.

---

निर्झर | मंगळवार, सायंकाळी ६:२०

कोरडा_ओढा, फार छान लिहिलंत. माझ्याकडून सी++ वाल्यांसाठी थोडं. तुमच्या स्ट्रक्चरमध्ये एकही फंक्शन पॉइंटर लिहिलेला नसला तरी क्लासमध्ये एक जरी व्हर्च्युअल फंक्शन असेल तर कंपायलर ऑब्जेक्टच्या पोटात लपवून एक पॉइंटर ठेवतोच, व्हीटेबलचा, म्हणजे त्या क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शनांच्या पत्त्यांच्या तक्त्याचा. तो ऑब्जेक्ट शेअर्ड मेमरीत बांधला की व्हीटेबलचा पत्ता बांधणाऱ्या प्रोसेसचा. दुसरी प्रोसेस तिथून कॉल करायला गेली की ताईंसारखंच होणार. बूस्टच्या इंटरप्रोसेस लायब्ररीत डेटासाठी ऑफसेट पॉइंटर दिलेत, ते स्वतःच्या जागेपासूनचं अंतर साठवतात. पण व्हर्च्युअल फंक्शनांना तिथेही मनाई आहे. एसटीडी फंक्शन, एसटीडी स्ट्रिंग, तेही शेअर्ड मेमरीत तसेच ठेवू नका.

पायथॉनवाल्यांनी हे नकळत अनुभवलेलं असतं. मल्टिप्रोसेसिंगला लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) दिला की पिकल (ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवण्याजोगा करणारं मॉड्यूल) तक्रार करतं. कारण पिकल फंक्शन पाठवत नाही, मॉड्यूलचं आणि फंक्शनचं नाव पाठवतं, आणि लॅम्डाला शोधता येईल असं नावच नसतं. पोस्टग्रेसचाच उपाय.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ८:००

नाव शोधण्यापेक्षा बायनरीच्या सुरुवातीपासूनचं अंतर पाठवलं तर? शेवटचे तीन अंक सारखे राहतात, म्हणजे अंतर सगळीकडे तेच असणार ना?

---

घाटवाट | मंगळवार, रात्री ८:४०

बायनरी तंतोतंत तीच असेल तर चालेल. पण वर्कर एकेक करून नव्या आवृत्तीवर नेताना तासभर जुनी आणि नवी बायनरी शेजारी चालतात. नव्यात एक फंक्शन चार ओळींनी वाढलं की त्याच्या पुढच्यांची अंतरं सरकू शकतात. मग जे होतं ते सेगफॉल्टपेक्षा वाईट. पत्ता एखाद्या फंक्शनच्या मधोमध पडतो, तिथेही चालवता येणारे बाइट असतात आणि प्रोसेसर ते मुकाट्यानं चालवतो. क्रॅश होतो तेव्हा निदान कळतं तरी.

केवडाताई, तुमची कामं किती प्रकारची आहेत? वीस-पंचवीस असतील तर नावाचीही गरज नाही, क्रमांक पुरे. एनम (नावं दिलेल्या क्रमांकांची यादी) आणि पॉइंटरचा तक्ता.

नावच हवं असेल आणि डीएलसिमनं (नावावरून फंक्शनचा पत्ता शोधून देणारं फंक्शन) शोधणार असाल तर तीन गोष्टी आडव्या येतात: स्टॅटिक फंक्शन सापडत नाही, मुख्य बायनरीतली फंक्शन्स सापडायला लिंकरला आर-डायनॅमिक हा पर्याय द्यावा लागतो, आणि सी++ मध्ये नावाचं रूप बदलतं. शिवाय शेअर्ड मेमरीतून आलेलं कुठलंही नाव डीएलसिमला देऊ नका, ठरलेल्या यादीतलंच द्या.

---

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:१५

माझी सूचना मागे घेतो. एएसएलआर बंद ठेवणं म्हणजे हल्ला करणाऱ्याला पत्ते आयते देणं, आणि ज्या मेमरीत आठ प्रोसेस लिहू शकतात तिथे फंक्शन पॉइंटर ठेवणं म्हणजे त्यातली एक ताब्यात आली की बाकीच्या सातही. हा विचार मी केला नव्हता.

पण एनमबद्दल माझा अनुभव ऐका, तो महाग पडला होता. मी आधी होतो त्या कंपनीत असाच क्रमांकांचा तक्ता होता. एका सहकाऱ्यानं एनममध्ये नवं काम वर्णानुक्रमे नीट दिसावं म्हणून मधोमध घातलं. पुढचे सगळे क्रमांक एकानं सरकले. अपग्रेड चालू असताना नव्या मुख्य प्रोसेसनं ‘नोंद जुन्या साठ्यात हलवा’ म्हणून जो क्रमांक टाकला, तो जुन्या वर्करच्या तक्त्यात ‘नोंद काढून टाका’ होता. चाळीस मिनिटं कोणाला कळलं नाही, कारण क्रॅश नव्हता. बॅकअपमधून परत आणायला दोन रात्री लागल्या. तेव्हापासून प्रत्येक क्रमांक हातानं लिहितो, नवं काम शेवटीच घालतो, आणि रद्द झालेल्या कामाचा क्रमांक पुन्हा कोणाला देत नाही.

---

कोरडा_ओढा | मंगळवार, रात्री ९:५०

उंबरठा, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. याला जोडून: शेअर्ड मेमरीच्या सुरुवातीला मांडणीचा आवृत्ती क्रमांक ठेवा आणि जोडून घेताना तपासा, जुळला नाही तर वर्करनं उठूच नये.

आणि ताई, रांगेतला क्रमांक आधी स्वतःच्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या, मर्यादेत आहे का ते तिथे तपासा आणि तोच वापरा. शेअर्ड मेमरीतून एकदा तपासायला आणि एकदा वापरायला असा दोनदा वाचलात तर मधल्या क्षणात दुसरी प्रोसेस तो बदलू शकते.

डेटाचे पॉइंटरही बघा. पोस्टग्रेस मुख्य शेअर्ड मेमरीत साधे पॉइंटर ठेवतं, पण त्यासाठी ती मेमरी प्रत्येक प्रोसेसमध्ये त्याच पत्त्यावर बसवण्याची काळजी घेतं. विंडोजवर हे इतकं अवघड जातं की चाइल्ड चालू होण्याआधीच त्याच्या मेमरीत ती जागा अडवून ठेवतात, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तशी. एवढी खटपट करणार नसाल तर सरळ अंतरं साठवा.

---

केवडा | गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. झालं.

कामं एकवीस निघाली. हातानं क्रमांक दिले, शून्य मुद्दाम रिकामं ठेवलं, म्हणजे कोऱ्या मेमरीतून चुकून काही चालणार नाही. हेडरमध्ये आवृत्ती क्रमांक आला. क्रमांक स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेऊन तपासते. काल संध्याकाळपासून आठही वर्कर पीआयई आणि एएसएलआर चालू ठेवून उभे आहेत.

कोरडा_ओढा यांनी डेटाच्या पॉइंटरचं लिहिलं म्हणून शेअर्ड मेमरीत जाणारं प्रत्येक स्ट्रक्चर वाचून काढलं. नोंदीत एका कॉन्फिग स्ट्रिंगचा पॉइंटर होता, तिथे आता अंतर ठेवलंय. आणि रांगेच्या हेडरमध्ये दुसरा फंक्शन पॉइंटर सापडला, रांग पूर्ण भरली तर इशारा देणारा. तो फक्त महिनाअखेरीला, कामांची गर्दी झाली की चालतो. तुम्ही बोलला नसता तर ३१ तारखेच्या रात्री मी पुन्हा इथेच येऊन विचारलं असतं.

पाटीपेन्सिल, तुझ्या अंतराच्या प्रश्नावरून एक चाचणी घातली. त्यात वर्कर मुद्दाम वेगळ्या बिल्डमधून उठवते, जिच्यात सुरुवातीलाच एक मोठं बिनकामाचं फंक्शन भरलंय, म्हणजे पत्तेही वेगळे आणि अंतरंही वेगळी. एकवीसही कामं त्यातून गेल्याशिवाय बिल्ड पास होत नाही.